मेणाचं घर उन्हाळ्यात वितळन

घाटंजी तालुक्यातल्या एका द्विशिक्षकी शाळेतल्या तरुण सरांनी विचारलंय, ते थोडक्यात असं: "तिसरी ते पाचवी मिळून २६ मुलं माझ्याकडे आहेत. दर शनिवारी गोष्टीचं पुस्तक देतो आणि वाचून काय वाटलं ते लिहायला सांगतो. सगळ्यांच्या वहीत एकच येतं: 'मला हे पुस्तक खूप आवडले. या पुस्तकातून आपल्याला बोध मिळतो.' काही जण तर पुस्तकाच्या मागचा मजकूरच उतरवून आणतात. यांना स्वतःचा विचार लिहायला कसं लावायचं? आणि लिहिलेलं तपासायचं कसं?"

भाऊ, हे वाक्य मी हजार वेळा वाचलं असेल. यवतमाळ जिल्ह्यातल्या जिल्हा परिषद शाळांमध्ये ३१ वर्षं शिकवलं. त्यातली पहिली दहाएक वर्षं हे वाक्य मुलांकडून मीच लिहून घेत होते. तसं सांगितलं नव्हतं, पण एक तक्ता आखून दिला होता: पुस्तकाचं नाव, लेखक, पानं किती, आवडलेलं पात्र, मिळालेला बोध. रकाना दिसला की तो भरायचा, एवढं पोरांना पहिलीपासून कळतं. एकानं 'मिळालेला बोध' या रकान्यात वर्षभर 'खोटे बोलू नये' लिहिलं, पुस्तक ज्वालामुखीवरचं असलं तरी. त्याच वर्षी जास्त पुस्तकं वाचणाऱ्याला मी बक्षीस ठेवलं होतं. एका मुलीनं महिन्यात ४२ पुस्तकं वाचल्याची नोंद केली. आमच्या पेटीत सगळी मिळून ३७ होती.

विचार करता येत नाही म्हणून मुलं असं लिहितात, हे मनातून काढून टाका. वही कोण वाचणार आहे हे ओळखून ती लिहितात. वही मॅडमकडे जाणार, मॅडम बरोबर-चूक बघणार, लाल खूण करणार आणि वही परत येणार. अशा वाचकासाठी 'खूप आवडले' याच्याइतकं बिनधोक उत्तर दुसरं नाही. वाचणारा बदलला की वाक्य बदलतं. माझ्या उत्तराचा गाभा एवढाच आहे. ते कुठे जमलं आणि कुठे फसलं, ते सांगते.

फसलेलं आधी. चौथीतला एक मुलगा. शेळी हरवते अशी एक गोष्ट वर्गात वाचली होती. त्यानं लिहिलं: "आमची शेळी हरवली नाही, विकली. दवाखान्याले पैसे पाहिजे होते. माय रडली. मी तिच्याशी चार दिवस बोललो नाही." मी हरखून गेले. दुसऱ्या दिवशी परिपाठात साऱ्या शाळेसमोर, त्याचं नाव घेऊन, 'असं लिहावं बघा' म्हणून त्या ओळी मोठ्यानं वाचल्या. मधल्या सुट्टीत खिचडीच्या रांगेत दोघं-तिघं त्याच्यामागं 'में में' करत होते. पुढच्या शनिवारी त्याच्या वहीत होतं, "मला हे पुस्तक खूप आवडले." त्याच्या पुढच्या शनिवारी तेच. शाळा सोडून जाईपर्यंत त्यानं मला दुसरं वाक्य दिलं नाही. तेव्हापासून 'खूप आवडले' दिसलं की मला आळशी मूल दिसत नाही, आतून कडी लावलेलं दार दिसतं.

आता कडी निघाली तो प्रसंग. शाळा दुसरी, वर्षही दुसरं. आपल्याकडे विदर्भात उन्हामुळे शाळा उरलेल्या महाराष्ट्राच्या मागून, जून संपता संपता उघडतात. तेव्हाचा पहिलाच आठवडा होता. पुस्तकांची लोखंडी पेटी कुलपात, किल्ली मुख्याध्यापकांकडे आणि ते रजेवर. हाताशी पुस्तकच नाही, म्हणून फळ्यावर काऊ-चिऊची गोष्ट लिहून काढली. कावळ्याचं घर शेणाचं, चिमणीचं घर मेणाचं, पाऊस येतो, कावळ्याचं घर वाहून जातं, तो चिमणीचं दार वाजवतो, आणि चिमणी आपली 'थांब, माझ्या बाळाला आंघोळ घालते, थांब, तीट लावते'. पाचवीची मुलं फिदीफिदी हसली. ही तर अंगणवाडीतली गोष्ट, मॅडम! मी म्हटलं, बरोबर, म्हणूनच लिहिली. आता या गोष्टीतलं तुम्हाला काय पटत नाही, तेवढंच लिहा. मग मीही एक वही घेऊन त्यांच्यात खाली बसले आणि लिहायला लागले. मी लिहितेय म्हणताच वर्ग गप्प झाला. त्यांनी शिक्षकाला फळ्यावर लिहिताना पाहिलेलं असतं. विचार करत, खोडत, पेन चावत लिहिताना पाहिलेलं नसतं.

एका मुलीचं पान मी तेव्हा उतरवून ठेवलं होतं. तसंच देते:

"शेणाचं घर पाण्यात वाहून जात नाही. आमच्या भिंती कुडाच्या हायेत. माय शेणानं सारवते. पावसात पोपडे निघते पण घर वाहत नाही. मेणाचं घर तर उन्हाळ्यात वितळन. मग चिमणी कोणाच्या घरी जाईन? गोष्ट सांगणाऱ्यानं आमचा उन्हाळा पाहिला नाही."

शेवटची ओळ पुन्हा वाचा. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४७ च्या पुढे गेलेला आपण पाहिलाय. यवतमाळातही मे महिन्यात ४३-४४ ची कुणाला बातमी वाटत नाही. त्या उन्हात कवेलूच्या घरात राहिलेली दहा वर्षांची मुलगी गोष्टीला विचारते आहे, बाई, तू कुठची? गोष्टीत आहे तो पाऊस तिनं वाचला आणि गोष्टीत नसलेला उन्हाळाही वाचला. अमेरिकेतल्या साहित्याच्या अभ्यासक लुईझ रोझेनब्लॅट १९३८ पासून हेच मांडत आल्या, की अर्थ पुस्तकात बंद करून ठेवलेला नसतो, वाचणारा आपलं आयुष्य घेऊन येतो तेव्हा तो दोघांच्या मध्ये तयार होतो. मला हे डी.एड.ला कुणी शिकवलं नव्हतं. त्या पोरीनं शिकवलं, नंतर पुस्तकात सापडलं.

आधीची मी असते तर 'हायेत'भोवती लाल गोल, 'निघते'चं 'निघतात', आणि खाली 'छान'. त्या दिवशी मी पानाखाली निळ्या पेनानं लिहिलं: "हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. घर वितळल्यावर चिमणीनं कावळ्याचं दार वाजवलं, तर तो काय करेल?"

दुसऱ्या दिवशी, मी न सांगता, खाली उत्तर: "कावळा म्हणन थांब, माह्या लेकराले आंघोळ घालतो. मग त्याले आठवन की आपण ओले झालतो. मग तो दार उघडन. पण लगेच नाही."

मी विचारलं: "लगेच का नाही?"

"राग राह्यते ना मॅडम. आमचं घर गळत होतं तं आम्ही काकाच्या घरी गेलतो. काकानं दार उघडलं पण काकू बोलली नाही. आता काकू बोलते पण मी लगेच नाही बोलत."

तीन फेऱ्या झाल्या बघा. पहिल्या फेरीत शंका आली, दुसऱ्या फेरीत कल्पना, आणि तिसऱ्या फेरीत ती स्वतःपाशी येऊन पोचली. पहिल्या पानावर मी 'छान' लिहिलं असतं तर पुढच्या दोन फेऱ्या झाल्याच नसत्या. आपण मुलांना 'चिंतनपर लिहा' म्हणतो तेव्हा तिसऱ्या फेरीतलं पहिल्याच ओळीत मागत असतो. कुणाला येईल ते? मला नाही येत.

तर पद्धत ही. वहीत शेरा मारू नका, उत्तर लिहा. दोन ओळी, त्यात एक प्रश्न, आणि तो प्रश्न असा की ज्याचं उत्तर तुम्हाला खरंच माहीत नाही. 'या गोष्टीतून काय शिकलास?' याचं उत्तर तुमच्या डोक्यात आधीच तयार असतं आणि मुलाला ते कळतं. 'लगेच का नाही?' याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. कल्पना माझी नाही. लॉस एंजेलिसमधल्या सहावीच्या एका शिक्षिकेच्या अशा लेखी गप्पांच्या वह्यांवर १९८० च्या सुमारास अभ्यास झाला होता. मी अशा वहीला 'बोलती वही' म्हणते. मुलांनी तिचं नाव 'चिठ्ठीवही' पाडलं, तेच चाललं.

वेळ कुठून आणायचा, हे तुम्ही विचारणारच. २६ वह्या रोज होत नाहीत आणि करूही नका, दोन आठवड्यांत दम निघेल. पाच गट पाडा, वाराप्रमाणे. रोज पाच-सहा वह्या, वीस मिनिटं. प्रत्येक मुलाला आठवड्यातून एकदा तुमची चिठ्ठी मिळते, एवढं पुरे. पण वार चुकवायचा नाही. उत्तराची वाट बघणारं मूल गुरुवारी सकाळी फाटकापाशी उभं राहतं, 'मॅडम, माही वही?' आणि आपण म्हणावं की निवडणुकीच्या यादीचं काम आलं होतं? यावं लागतं ते काम, मला माहीत आहे. अशा आठवड्यात मी एका ओळीची चिठ्ठी लिहायचे, "आज डोकं चालत नाहीये, सोमवारी लिहिते." तेही चालतं. मुलांना खोटं चालत नाही.

लिहिण्याआधी बोलू द्या. ही पायरी गाळली की पान कोरं राहतं आणि आपण मुलाला दोष देतो. गोष्ट मोठ्यानं वाचायची, दहा मिनिटं गलका होऊ द्यायचा, आणि वाद तापला की तिथंच थांबवून वह्या काढायच्या. वाद मिटेपर्यंत थांबलात तर लिहायला काही उरत नाही. लिहायला बारा मिनिटं. पाच ओळी आल्या तरी भरपूर. पानभर लिहा म्हटलं की मुलं अक्षर मोठं काढतात.

प्रश्न कोणते विचारायचे? एडन चेंबर्स या ब्रिटिश लेखकांनी वर्गातल्या गप्पांसाठी चार साधे प्रश्न सुचवलेत. काय आवडलं, काय नाही आवडलं, काय कोड्यात टाकणारं वाटलं, आणि कशात कशाशी काही जुळतंय असं दिसलं का. चारही चांगले आहेत, पण आपल्या मुलांबाबत माझा अनुभव असा, की 'आवडलं' पासून सुरू केलं की गाडी तिथंच रुतते, कारण मॅडमनं दिलेलं पुस्तक नाही आवडलं म्हणायची आपल्याकडे सोय नाही. मी कायम तिसऱ्यापासून, कोड्यापासून सुरू केलं. 'काय समजलं नाही?' असं विचारायचं नाही, त्यात कमीपणा येतो. 'काऊन?' एवढंच विचारायचं. वऱ्हाडीतला हा 'काऊन', म्हणजे 'का', फार कामाचा आहे. "या गोष्टीले तुमचे तीन काऊन लिहा" म्हटलं की तिसरीतलं पोरगंही लिहितं. एकानं लिहिलं होतं, "राजाले सात राण्या काऊन? त्याचं वावर किती एकर होतं?" दुसऱ्या प्रश्नावर आमचा अख्खा तास गेला. सात राण्यांना खायला घालायचं तर किती वावर लागेल, कोरडवाहू की ओलिताचं, याचा हिशेब मुलांनी मांडला. गणिताच्या तासातून उसना घेतलेला तास होता, म्हणून फार वाईट वाटलं नाही.

'बोध' हा शब्द मात्र वर्गातून निदान एक वर्ष हद्दपार करा. तात्पर्य सांगणाऱ्या गोष्टींशी माझं वैर नाही. तात्पर्य लिहायला सांगितलं की मूल गोष्टीच्या शेवटच्या ओळीवर उडी मारतं आणि मधलं काही वाचतच नाही, माझी तक्रार एवढीच.

आता भाषेचं. तुमचं पत्र वाचताना मला वाटलं, खरी भीती तुम्हाला याचीच आहे, पण तुम्ही ती विचारली नाही. मूल 'मले', 'तुले', 'जाऊन राह्यला' लिहितं, आणि आपण उत्तर द्यायचं म्हणजे चुकांना मान्यता दिल्यासारखं होतं का? नाही होत. घरची बोली ही चूक नाही, हे एक. आणि दुसरं, चिठ्ठीतल्या चिठ्ठीतच प्रमाण रूप मुलाच्या डोळ्यांखाली जात राहतं. तिनं 'वितळन' लिहिलं, माझ्या उत्तरात 'वितळल्यावर' आलं. तिनं 'उघडन' लिहिलं, नंतरच्या एका चिठ्ठीत मी 'उघडेल' लिहिलं. मी कुठेही बोट ठेवलं नाही. दिवाळीपर्यंत तिच्या वहीत दोन्ही रूपं दिसायला लागली, आणि मजेची गोष्ट म्हणजे जागा बघून दिसायला लागली: गोष्टीबद्दल सांगताना 'उघडेल', काकूबद्दल सांगताना 'बोलन'. एवढा भाषाविवेक मोठ्यांमध्येही कमी दिसतो.

तुमच्या भागात कोलामांचे पोड, म्हणजे वस्त्या, आहेत, बंजाऱ्यांचे तांडे आहेत. तांड्यावरच्या एका मुलीनं आईसाठी वहीत 'याडी' लिहिलं आणि मग घाबरून खोडलं. मी उत्तरात लिहिलं, "तुझ्या याडीला ही गोष्ट सांगितलीस तर ती काय म्हणेल?" खोडलेला शब्द पुन्हा आला. कोलामी मला येत नाही. पण एखादा शब्द अडला तर मी वहीतच विचारायचे, 'याचा अर्थ मला सांग'. मग मूल शिकवणारं होतं आणि लांबलचक लिहितं. शुद्धलेखनासाठी वेगळी जागा ठेवा. महिन्यातून एकदा भित्तिपत्रक लावायचं, त्यासाठी मूल आपल्या वहीतला स्वतः निवडलेला तुकडा पुन्हा लिहितं, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ, जोडाक्षरं, सगळं बसवायचं. गावातली माणसं वाचणार म्हटल्यावर मुलं स्वतःच विचारत येतात, 'मॅडम, पहिली की दुसरी वेलांटी?'

निवडायचं मुलानं, आणि लावू का हे विचारून लावायचं. शेळीची ती गोष्ट मी उगाच नाही सांगितली.

लिहिता न येणाऱ्यांचं काय? प्रत्येक वर्गात चार-पाच असतातच, पाचवीतही असतात. त्यांना गोष्ट ऐकू द्या, चित्र काढू द्या, आणि चित्राखाली काय लिहायचं ते मुलं सांगतील, तुम्ही किंवा पाचवीतली ताई-दादा लिहितील. सांगितलेलं शब्दशः लिहायचं, सुधारायचं नाही. आपलं बोलणं कागदावर उतरलेलं मूल पुन्हा-पुन्हा वाचतं, कारण पुढचा शब्द कोणता आहे ते त्याला पाठ असतं. वाचायला लागण्याचा हा रस्ता मला बाराखडीच्या रस्त्यापेक्षा जवळचा वाटला. तिसरी ते पाचवी एकत्र हे तुम्हाला ओझं वाटतंय, पण या कामात ते तुमच्या पथ्यावर पडतं.

आणि सगळ्यांनी गद्यच लिहावं असं कुठं आहे? पोळ्याला आपल्याकडे झडत्या म्हणतात. बैल तोरणाखाली उभे असतात आणि गावातला कुणीतरी उठून चार ओळी ठोकतो. एका पोळ्याच्या आठवड्यात मी म्हटलं, काऊ-चिऊवर झडती करा. एका पोरानं, ज्यानं तोवर दोन ओळींच्या वर कधी लिहिलं नव्हतं, हे दिलं:

"मेणाचं घर, शेणाचं घर,
ऊन तापलं वावरभर,
चिमणी आली कावळ्याच्या दारी,
कावळा म्हणे थांब बाहेरी,
एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव!"

मुलीनं तीन फेऱ्यांत जे गाठलं, ते यानं चार ओळींत गाठलं. शेवटची आरोळी रिवाजाची, ती सोडून.

पुस्तकांबद्दल थोडकं. शाळेत ग्रंथालय असावं, त्यात वर्तमानपत्रं, मासिकं आणि गोष्टींची पुस्तकं असावीत, हे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टातच लिहिलंय. प्रत्यक्षात ती कपाटात किंवा पेटीत असतात आणि फाटतील म्हणून निघत नाहीत. फाटू द्या. तपासणीत फाटक्या पुस्तकाबद्दल कुणी विचारलं तर 'वाचलं म्हणून फाटलं' एवढं उत्तर तयार ठेवा. मी दोनदा वापरलं, दोनदा चाललं. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतं आणि त्याचे जुने अंक बालभारतीनं इंटरनेटवर मोफत ठेवलेत. पंचायत समितीच्या गावी गेलात की चार-चार पानं छापून आणा. २६ मुलांना २६ पुस्तकं लागतात असंही नाही. एकच गोष्ट तीन शनिवार पुरते, उलट ती जास्त चांगली पुरते. दुसऱ्यांदा वाचताना मुलाला स्वतःचंच आधीचं मत दिसतं. "मागच्या वेळी मले कावळा बिचारा वाटला होता, आता नाही वाटत" असं वाक्य पहिल्या वाचनाला कधीच येत नाही.

२०२३-२४ च्या पाठ्यपुस्तकांत पाठाच्या मागे कोरी पानं आली होती, वर 'माझी नोंद' असं छापलेलं, आठवत असेल. पुढे ती बंदही झाली. कल्पना वाईट नव्हती. पण मी पाहिलेल्या बहुतेक पुस्तकांत त्या पानांवर फळ्यावरची प्रश्नोत्तरं उतरवलेली होती. पान कोरं असलं तरी वाचणारा तोच होता.

दिवाळीनंतर तुमचा वर्ग रोडावेल. कापूस वेचायला माय-बापाबरोबर मुलं वावरात जातात, हे मी तुम्हाला सांगायला नको. त्या दिवसांत वही घरी नेऊ द्या. परत येतील तेव्हा वहीत सरकी निघेल, चहाचे डाग निघतील, आणि कधी दोन ओळीही निघतील. एका मुलीनं वावरातून आल्यावर लिहिलं होतं की, वेचताना तिनं बरोबरच्या बायकांना गोष्ट सांगितली आणि त्यांनी शेवट बदलायला लावला. बायकांचा शेवट माझ्या मते मूळ गोष्टीपेक्षा बरा होता.

एक गोष्ट मात्र हलक्यानं घेऊ नका. मूल खरं लिहायला लागलं की कधी कधी असं काही लिहितं, जे वाचून दोन ओळींची चिठ्ठी पुरत नाही. घरातली मारहाण, दारू, कर्जापायी बापाचं गप्प होणं, कुणाचा नको तो हात. आपल्या भागात हे लिहिलं जाणार, हे गृहीत धरूनच वही सुरू करा. पहिल्याच दिवशी मुलांना सांगा, तुमचं लिहिलेलं मी कुणाला दाखवणार नाही, पण तुम्हाला धोका आहे असं वाटलं तर मी गप्प बसणार नाही, आणि तेव्हा तुम्हाला सांगूनच पुढे जाईन. मी दोनदा मुलाच्या घरी गेले. एकदा १०९८ या चाइल्डलाइनच्या नंबरवर फोन केला. त्या वहीबद्दल याहून जास्त इथे लिहीत नाही.

तपासणीचं म्हणाल तर गुण देऊ नका. केंद्रप्रमुख विचारतील, नोंद कुठाय? आकारिक, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या, मूल्यमापनात वर्णनात्मक नोंदी असतातच, त्या इथून भरा. महिन्यातून एकदा प्रत्येक वहीतलं एकच पान बघायचं आणि स्वतःला विचारायचं: मूल गोष्टीतल्या नेमक्या जागेवर बोट ठेवतंय का, स्वतःच्या बघण्यातलं काही तिथं आणतंय का, आधीचं मत बदलतंय का. 'गोष्टीतील तपशिलावर शंका घेते आणि अनुभवाचा आधार देते' ही नोंद मी त्या मेणाच्या घरावरून लिहिली होती. केंद्रप्रमुखांनी ती वाचून विचारलं, कुठल्या पुस्तकातून उतरवली?

पहिले तीन आठवडे काही होणार नाही. 'खूप आवडले'च येईल. त्यालाही उत्तर लिहा, 'मला नाही आवडलं' असं लिहा, आणि खरंच का नाही आवडलं ते लिहा. मॅडमला पुस्तक आवडलं नाही म्हटल्यावर पोरं वही उलटून-पालटून बघतात. चौथ्या-पाचव्या आठवड्यात कुणीतरी एक भांडायला येतं. तिथून पुढे सोपं आहे.

आणि वर्ष संपलं की वह्या मुलांना देऊन टाका. मी एका वर्षी शिक्षण परिषदेत दाखवायला म्हणून सगळ्या ठेवून घेतल्या, शाळेच्या कपाटात. उन्हाळ्याची सुट्टी झाली, जूनच्या शेवटी कपाट उघडलं तर खालच्या दोन कप्प्यांना उधई, म्हणजे वाळवी, लागलेली. काऊ-चिऊवालं पान मी आधी उतरवून ठेवलं होतं म्हणून वाचलं, बाकी वही गेली. ती मुलगी तेव्हा सहावीला दुसऱ्या गावच्या शाळेत जायला लागली होती. एसटीची वाट बघत थांब्यावर उभी होती, मी दिसल्यावर पहिलं तेच विचारलं: "मॅडम, माही वही?"